दुःखातून सूर येतात, म्हणून दुःख जपायचं का?



अकोल्यातल्या एका पालकसभेत एक आई म्हणाली, "पोरगं दिवसभर गुमान रायते सर, पण गाते लय गोड." शेजारचे एक पालक लगेच बोलले, "मंग मोठा कलाकार होईन थो! दुःखाशिवाय कला येते का?" सगळे हसले. मला मात्र हसू आलं नाही.

या समजुतीला आधार आहेच. आपल्या अमरावतीत १९३२ साली जन्मलेले सुरेश भट घ्या. लहानपणीच पोलिओने त्यांचा पाय अधू झाला. पुढे एकटेपणाची सल त्यांच्या गझलांत उतरली. 'उंबरठा' चित्रपटातली त्यांची गझल हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीत लताबाईंनी गायली. ती ऐकताना आजही मन भरून येतं. पण मुलांना एवढंच सांगून थांबू नका. भटांच्या आईला कवितेची फार आवड होती, त्यामुळे घरातच कविता कानावर पडली. वेदना होती, तसा आधारही होता. आणि वृत्त, लय, शब्द हे सगळं मेहनतीनेच कमवावं लागलं.

पोलिओ हा शरीराचा आजार. मनाच्या आजाराचं उदाहरण म्हणजे जर्मन संगीतकार रॉबर्ट शुमान. १८४० साली, क्लाराशी लग्न झालं त्या वर्षी, त्याने शंभरावर गाणी रचली. १८४४ मध्ये तो मनाने खचला, तेव्हा त्याची लेखणी जवळजवळ थांबली. शेवटची दोन वर्षं मनोरुग्णालयात गेली. ४६व्या वर्षी तो वारला. आजाराने संगीत दिलं म्हणणाऱ्यांनी, आजाराने किती संगीत हिरावलं तेही मोजावं.

म्हणून सांगतो, उदास गाणं गाणाऱ्या मुलासाठी टाळ्या जरूर वाजवा. पण नंतर त्याच्या शेजारी बसा. झोप, जेवण, खेळ, मित्र सुटत चालले असतील, तर "वयाचं आहे, जाईल" म्हणू नका. डॉक्टरांकडे न्या. टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं, मराठीतसुद्धा. लोक काय म्हणतील, हा विचार नंतर.

त्या आईला मी एवढंच म्हटलं, "ताई, गाऊ द्या त्याला. पण तो गुमान काहून राहतो, हेही एकदा विचारा."