चिकित्सालयातील व्हॉट्सॲप आणि वैद्याचे व्रत

गेल्या वर्षी आमच्या चिकित्सालयातील संगणकावर आम्ही व्हॉट्सॲप बसवून घेतले. हेतू सरळ होता. मात्रा, अनुपान आणि पथ्यापथ्य मोबाईलच्या इवल्याशा कळफलकावर लिहिण्यापेक्षा संगणकावर लिहिणे सुकर जाते. औषधालयासही मागणी तत्काळ कळते. अधिकृत संकेतस्थळावरून ॲप उतरवून घेतले, पडद्यावरील क्यूआर कोड मोबाईलने टिपला आणि पाच मिनिटांत काम झाले.

पंधरवडा लोटतो न लोटतो तोच एक प्रसंग घडला. एका भगिनीने आपल्या त्वचाविकाराचे छायाचित्र पाठविले. संगणकासमोर त्या वेळी कोणी नव्हते. संभाषण मात्र उघडे होते. औषध घेण्यासाठी काउंटरपाशी उभ्या असलेल्या, त्यांच्याच गल्लीतील एका गृहस्थांनी नाव आणि छायाचित्र दोन्ही पाहिले. त्या भगिनी पुन्हा आमच्याकडे आल्या नाहीत. दोष यंत्राचा नव्हता, आमचा होता.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात आचार्य शिष्यास जो उपदेश करतात, त्यात रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर नेऊ नयेत असे स्पष्ट सांगितले आहे. आपण जीभ आवरतो. परंतु पडदा उघडा राहिला तर व्रतभंग तोच होतो. एप्रिल २०२० मध्ये आयुर्वेद, सिद्ध व युनानी वैद्यांसाठी दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे आली, त्यांतही गोपनीयतेची जबाबदारी वैद्यावरच आहे. २०२३ साली संसदेने वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदाही केला.

व्हॉट्सॲपवरील संदेश कुलूपबंद असतात, मग चिंता कसली, असा पुष्कळ वैद्यबंधूंचा समज आहे. २०१६ पासून संदेश वाटेत कोणास वाचता येत नाही, हे खरे. परंतु तो काउंटरवरील पडद्यावर पोहोचला की कुलूप उघडलेलेच असते. शिवाय एका खात्यास मोबाईलखेरीज चार उपकरणे जोडता येतात व मोबाईल बंद असला तरी ती चालू राहतात. काम सोडून गेलेल्या सहायकाच्या संगणकावर आपल्या रुग्णांची संभाषणे आजही दिसत असतील, तर आपणास त्याचा पत्ताही नसतो.

संगणक वापरूच नये, असे आमचे म्हणणे नाही. चिकित्सालयासाठी स्वतंत्र क्रमांक घ्यावा. घरगुती गट व रुग्णांची संभाषणे एकत्र नसावीत. संगणकास संकेतशब्द असावा आणि जागेवरून उठताना विंडोज व एल या कळा एकत्र दाबून पडदा बंद करण्याची सवय सर्वांनी लावून घ्यावी. सूचनेत संदेशाचा मजकूर दिसू देऊ नये. उतरवून घेतलेली छायाचित्रे खाते तोडल्यावरही संगणकात राहतात. ती रुग्णाच्या नोंदीत ठेवून इतरत्र उरलेल्या प्रती पुसाव्यात. जोडलेल्या उपकरणांची यादी दरमहा मोबाईलवर पाहावी आणि अनोळखी उपकरण तत्क्षणी तोडावे. औषधालयास मागणी कळविताना औषध व मात्रा पुरते. व्याधीचा तपशील लागत नाही.

रुग्ण तपासताना आपण पडदा ओढून घेतो. संगणकाच्या पडद्यासही तोच नियम लागू आहे.