भोंग्याचा धडा

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या लहानशा गावाने २०२२ च्या ऑगस्टमध्ये ग्रामसभा भरवून एक निश्चय केला. सायंकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजावा, घरोघरचे दूरचित्रवाणी संच व मोबाइल दीड तास बंद राहावेत आणि मुलांनी पुस्तके उघडावीत, असा तो निश्चय होता. अंगणवाडीसेविका व निवृत्त शिक्षक त्यासाठी दारोदार फिरले. शहरातील सुशिक्षितांनी या वार्तेचे तोंड भरून कौतुक केले आणि हातातल्या त्याच यंत्रावर लगोलग पुढची वार्ता उघडली!

कुमारवयीन विद्यार्थ्यांना जडलेल्या इंटरनेटच्या व्यसनाचा विचार या विसंगतीपासूनच सुरू केला पाहिजे. मोबाइल हाती घेणारा प्रत्येक मुलगा व्यसनी ठरत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु स्वतःवरचा ताबा सुटणे, अभ्यास, झोप व जेवण यांहून खेळ मोठा वाटणे, आणि हानी दिसत असूनही तो न थांबणे, ही लक्षणे दीर्घकाळ टिकली तर तो विकारच होय. ऑनलाइन खेळांच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याला रोगांच्या यादीत स्थान दिले. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने तर अशा रुग्णांसाठी २०१४ मध्येच स्वतंत्र उपचारकेंद्र उघडले होते.

हा दोष केवळ मुलांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. २०२० मध्ये शाळांना कुलपे लागली, तेव्हा हे यंत्र मुलांच्या हाती आपणच दिले. शाळा उघडल्या, पण ते परत घेण्याचे कुणाला सुचले नाही. आणि त्या यंत्राच्या पलीकडे बसलेला व्यापारी भोळा नाही. एक चित्रफीत संपताच दुसरी आपोआप सुरू व्हावी आणि सरकत्या पानाला शेवटच नसावा, ही रचना हेतुपूर्वक केलेली आहे. कारण पाहणाऱ्याचा जितका वेळ जाईल, तितक्या जाहिराती खपतात. चौदा वर्षांच्या मुलाने या कसलेल्या व्यापाऱ्याशी एकट्याने झुंजावे, ही अपेक्षाच मुळी क्रूर आहे.

म्हणून कायदा हवा, यात शंका नाही. चीनने २०२१ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांच्या ऑनलाइन खेळांना शुक्रवार, शनिवार, रविवार व सुटीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढीच मुभा ठेवली. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांची दारे बंद केली आणि जबाबदारी मुलांवर किंवा पालकांवर न टाकता कंपन्यांवर टाकली, हे विशेष. आपल्याकडे मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवण्यास मनाई करणारा कायदा २०२३ मध्ये संमत झाला. त्याचे नियम निघण्यास मात्र २०२५ चा नोव्हेंबर उजाडला. ही दिरंगाई क्षम्य नाही.

परंतु नुसत्या कायद्याने काय साधते, हे दक्षिण कोरियाने अनुभवले आहे. मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत सोळा वर्षांखालील मुलांना ऑनलाइन खेळ बंद करणारा २०११ चा कायदा त्या देशाने अखेर मागे घेतला. तो मुख्यतः संगणकावरील खेळांसाठी होता; दरम्यान खेळ मोबाइलवर गेले.

वडगावचे वैशिष्ट्य येथेच दिसते. त्या गावाने बंधन केवळ मुलांवर घातले नाही. भोंगा वाजला की घरातल्या वडीलधाऱ्यांचेही यंत्र बंद झाले पाहिजे, असा तो नियम होता. आमच्या शहरी घरांत याच्या नेमके उलटे घडते. वडील जेवताना मोबाइल पाहतात आणि मुलाला संयमाचा उपदेश करतात. शाळा मोबाइलच्या दुष्परिणामांवर व्याख्याने ठेवतात आणि गृहपाठ रात्री मोबाइलवरच धाडतात. सोसायट्या मुलांच्या खेळण्याच्या जागी मोटारी उभ्या करतात आणि मुले घराबाहेर पडत नाहीत म्हणून हळहळतात.

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. शाळांनी गृहपाठ पुन्हा वहीत लिहून द्यावा. सोसायट्यांनी सायंकाळी दोन तास अंगण मोकळे करावे. आणि प्रत्येक घराने रोजचा दीड तास ठरवून आधी आईवडिलांचे मोबाइल कपाटात ठेवावेत. शहरात देवळावरचा भोंगा वाजणार नाही, हे खरे. पण ज्यांच्या भिंतीवर घड्याळ आहे, त्यांना भोंग्याची गरजच काय?