पुण्याचा हिशेब

दिवाळीच्या सुट्टीत मुलचेऱ्याला बहिणीकडे गेलो होतो. भाचा संगणकावर १९८५ सालचा ‘अल्टिमा चार’ हा खेळ खेळत होता. त्यात एक आंधळी बाई वनस्पती विकते. पैसे गिऱ्हाइकानेच मोजून द्यायचे. कमी दिले तरी माल मिळतो! भाच्याने पुरते पैसे मोजले. मी शाबासकी दिली.

“शाबासकी कसली, मामा? फसवले तर प्रामाणिकपणाचे गुण जातात. आठही सद्गुण पुरे झाले, तरच ‘अवतार’ होता येते!”

आपल्या जुन्या मोक्षपटात पुण्याची शिडी दानावर मिळे. इथे ती हिशेबाने मिळते. मग याला पुण्य म्हणावे की व्यापार? उपदेशाला मी तोंड उघडले आणि मिटले. सकाळीच आठवडी बाजारात सीताफळवाल्या म्हातारीने दहाऐवजी पन्नासची नोट परत दिली होती. ती मी मुकाट्याने खिशात घातली होती. तिथे गुण कापणारे कोण होते?

पुढच्या बाजारी नोट घेऊन गेलो. म्हातारी आली नव्हती.

वाचकहो, भाच्याचा डाव चुकला तर तो पहिल्यापासून मांडतो. माझी नोट अजून खिशातच आहे.