शाळांतील आपत्कालीन सराव मुलांना न घाबरवता घेण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका, मुंबई.

प्रत माहितीसाठी : मा. शिक्षणाधिकारी, बृहन्मुंबई महानगरपालिका, मा. प्रमुख अग्निशमन अधिकारी, मुंबई अग्निशमन दल.

विषय : शाळांतील मॉक ड्रिलच्या आधी, दरम्यान व नंतर विद्यार्थ्यांना मानसिक आधार मिळण्याबाबत.

महोदय,

आम्ही गिरगाव, दादर, परळ व लालबाग भागातील पालक आणि शिक्षक हे निवेदन आपणांस सादर करीत आहोत. शाळेतले सराव बंद करा, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. ते नियमित व्हावेत, पण मुलांच्या मनात धडकी भरवून होऊ नयेत.

सरावाचे मोल परळने पाहिले आहे. २२ ऑगस्ट २०१८ रोजी हिंदमाताजवळच्या क्रिस्टल टॉवरला आग लागली आणि चौघांचा जीव गेला. त्याच इमारतीत धुरात अडकलेल्या शेजाऱ्यांना एका दहा वर्षांच्या मुलीने सुती कापड ओले करून नाकातोंडाशी धरायला लावले. ही युक्ती ती तिसरीत असताना शाळेत शिकली होती. घाबरवून शिकवले असते, तर ऐन वेळी तिला ती सुचली असती असे आम्हांला वाटत नाही.

आता याच भागातल्या एका शाळेत आम्ही काय पाहिले तेही सांगतो. मधली सुट्टी नुकतीच संपली होती, डबे अजून बाकांवरच होते, आणि भोंगा वाजला. वर्गशिक्षिकांनाही आधी कल्पना नव्हती. ‘पळा, पळा’ असा ओरडा झाला. चौथीतली एक मुलगी जिन्यावरच्या गर्दीतून उलटी वर धावू लागली, कारण तिचा धाकटा भाऊ वरच्या मजल्यावर पहिलीत होता. तिला दंडाला धरून खाली आणले, रांग मोडली म्हणून सगळ्यांसमोर रागावले. तो भाऊ तोवर बाईंसोबत पटांगणात पोचलाही होता, पण हे तिला कुणीच सांगितले नव्हते. किती मिनिटांत शाळा रिकामी झाली, याची नोंद वहीत झाली. त्या मुलीचे काय झाले, याची नोंद कुठेच नाही.

आमच्या मुलांपैकी काहींसाठी भोंगा म्हणजे निव्वळ सराव नसतो. डिसेंबर २०२० मध्ये लालबागच्या गणेश गल्लीत सिलिंडरचा स्फोट झाला, तेव्हा आजूबाजूच्या चाळींतली मुले घरातच होती. ७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला, मुंबईत क्रॉस मैदानावर भोंगे वाजले, आणि त्याच दिवशी टीव्हीवर लष्करी कारवाईच्या बातम्या सुरू होत्या. खरे कोणते आणि सराव कोणता, हे सहा-सात वर्षांच्या मुलाने कसे ओळखावे?

म्हणून आमची पहिली आणि सर्वांत महत्त्वाची मागणी : प्राथमिक वर्गांत एकही सराव न सांगता घेऊ नये. आदल्या दिवशी पालकांना चिठ्ठी जावी आणि वर्गात बाईंनी सोप्या मराठीत (किंवा शाळेच्या माध्यमाच्या भाषेत) समजावून सांगावे : भोंगा असा वाजेल, आपण या जिन्याने उतरू, तुझी बहीण तिथे उभी असेल. बालवाडी व पहिलीच्या मुलांना भोंगा आधी हळू आवाजात ऐकवावा. खोटा धूर, खोटे रक्त, जखमी झाल्याचे सोंग हे प्रकार लहान मुलांसमोर पूर्ण बंद व्हावेत.

सराव संपल्यावर लगेच गणिताचा तास सुरू करू नये. मुलांना बोलू द्यावे, रडणाऱ्याला गप्प बसवू नये, चुकलेल्याला शिक्षा करू नये. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने मानसिक छळाला मनाई केलीच आहे; सरावाच्या नावाखाली त्याला सूट नको. आवाज सहन न होणाऱ्या, ऐकू न येणाऱ्या, चालता न येणाऱ्या मुलांसोबत कोण राहील, हे नावानिशी आधीच ठरावे. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम ८ नुसार आपत्तीत त्यांना समान संरक्षण मिळायला हवे.

हे सारे शिक्षकांवर नुसते ढकलूनही चालणार नाही. कुंभकोणमच्या शाळेत २००४ साली ९४ मुले जळून गेली, त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये शिक्षकांना आगीबाबत प्रशिक्षण देण्याचे आदेश दिले. परळला महापालिकेची आपत्ती व्यवस्थापन प्रशिक्षण संस्था आहे. तिथल्या प्रशिक्षणात घाबरलेल्या मुलाशी कसे बोलावे, हा भाग घालावा. शिपाई आणि मावशींनाही त्यात घ्यावे, कारण जिन्याच्या तोंडाशी बहुधा तेच उभे असतात. केईएमच्या मनोविकार विभागाची मदत मागावी. सरावानंतर झोप उडालेल्या किंवा शाळेला यायला नको म्हणणाऱ्या मुलासाठी समुपदेशक नेमून द्यावा. टेलिमानसचा १४४१६ आणि चाइल्डलाइनचा १०९८ हे क्रमांक पालकांच्या चिठ्ठीवर छापावेत.

१९४४ च्या गोदी स्फोटात हुतात्मा झालेल्या अग्निशमन जवानांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो, आणि त्या निमित्ताने सरावही होतात. त्यापूर्वी वरील सूचनांचे परिपत्रक डी, एफ दक्षिण, एफ उत्तर, जी दक्षिण व जी उत्तर विभागांतील महापालिकेच्या व खासगी अशा सर्व शाळांना पाठवावे, आणि आमच्या प्रतिनिधींना चर्चेसाठी वेळ द्यावी, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
गिरगाव, दादर, परळ व लालबाग भागातील पालक व शिक्षक