गायरान खरंच 'पडीक' असतं का? नांदेड-लातूरचा प्रश्न आणि सहारातल्या तुआरेगांचा अनुभव

नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. तिथल्या पशुप्रदर्शनात दोन जातींची जनावरं हमखास दिसतात. एक गडद तांबडी लाल कंधारी आणि दुसरी पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेली देवणी. पहिलीचं नाव नांदेडच्या कंधारवरून पडलं, दुसरीचं लातूरच्या देवणीवरून. कमी चाऱ्यात आणि कडक उन्हात तग धरणारी ही जनावरं आहेत.

पण ती चरतात कुठे? शेताच्या बांधावर, पिकं निघाल्यावर मोकळ्या रानात आणि गावच्या गायरानात. यातल्या गायरानावर सध्या अनेकांचा डोळा आहे.

गायरान म्हणजे नेमकं काय?

गावच्या जनावरांना मोफत चराईसाठी राखून ठेवलेली सरकारी जमीन म्हणजे गायरान. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 मध्ये तिची तरतूद आहे. सुप्रीम कोर्टानं 2011 साली जगपाल सिंग प्रकरणात गावच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवण्याचे निर्देश सगळ्या राज्यांना दिले होते.

मराठवाड्यात मात्र गायरानाला आणखी एक बाजू आहे. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली 1959 आणि 1964 साली भूमिहीनांचे मोठे सत्याग्रह झाले. अनेक दलित कुटुंबं गायरान कसून जगू लागली. 1990 पर्यंतची अशी अतिक्रमणं नियमित करण्याचा निर्णय राज्य सरकारनं 1991 साली घेतला. म्हणजे ज्या जमिनीला कागदावर 'पडीक' म्हणतात, तिच्यावर कुणाची गुरं जगतात तर कुणाची चूल पेटते.

मग आता वाद कशाचा?

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 ही 2023 पासून राबवली जात आहे. शेतीपंपांना दिवसा वीज देणं हा तिचा हेतू आहे. रात्री-अपरात्री साप-विंचवाच्या भीतीत पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. या वादात विजेची गरज कुणीच नाकारत नाही.

एक मेगावॉट सौरऊर्जेला साधारण चार ते पाच एकर जमीन लागते. ही जमीन वीज उपकेंद्राच्या जवळ हवी असते. सरकारी जमीन मिळवणं सोपं, म्हणून गायरानं पुढे येतात. राज्यात काही गावांनी त्याला विरोध केला आहे.

हिशोबाची अडचण इथेच आहे. या योजनेत खासगी जमीन भाड्यानं देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये मिळतात. ग्रामपंचायतीलाही प्रोत्साहन निधी ठरवलेला आहे. पण गायरानात चार शेळ्या चारणाऱ्या भूमिहीन बाईच्या नावावर सातबाराच नाही. तारेचं कुंपण पडलं की तिची चराई बंद होते आणि त्या नुकसानीची नोंद कुठेच होत नाही. शेळीला उगाच 'गरिबाची गाय' म्हणत नाहीत. लातूर-धाराशिव पट्ट्यातली काळी उस्मानाबादी शेळी अनेकदा जुळी करडं देते. अडीनडीला ती विकून दवाखान्याचा किंवा शाळेचा खर्च भागतो. चारा विकत घेऊन शेळी पाळायची म्हटलं तर हे गणित कोलमडतं.

यात सहाराचा संबंध काय?

तुआरेग हे नायजर, माली, अल्जेरिया, लिबिया या देशांत पसरलेले वाळवंटातले पशुपालक. लातूर हे वाळवंट नाही. इथे वर्षाला सरासरी 700 मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. नायजरमधल्या अगादेझ शहरात तो 200 मिलीमीटरही होत नाही. तरीही दोन्हीकडच्या चुका सारख्या आहेत.

1972 च्या सुमारास महाराष्ट्र दुष्काळात होरपळत होता, तेव्हा सहाराच्या दक्षिणेचा साहेल पट्टाही दुष्काळात होता. तुआरेगांचे कळपच्या कळप मेले. तिथे त्याआधी खोल विंधणविहिरी घेतल्या गेल्या होत्या. पाणी आलं, पण सगळे कळप त्याच विहिरींभोवती गोळा झाले आणि तिथलं गवत संपलं. लातूरमध्येही बोअर खोल गेले, ऊस वाढला आणि 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं.

दुसरं उदाहरण अर्लितचं. उत्तर नायजरमधल्या या भागात 1971 पासून युरेनियम काढलं जाऊ लागलं. त्यावर फ्रान्समधली अणुवीज केंद्रं चालली. तुआरेगांच्या वाट्याला आली ती आक्रसलेली चराई आणि प्रदूषणाची भीती. सौर पॅनेल म्हणजे युरेनियमची खाण नव्हे, हे उघड आहे. पण 'ही जमीन रिकामीच आहे' हा युक्तिवाद दोन्हीकडे एकच आहे.

नायजरनं 2010 साली पशुपालनाचा कायदा केला आणि कळप घेऊन फिरणं हा पशुपालकांचा मूलभूत हक्क मानला. अंमलबजावणी सोपी नाही, पण चराईला निदान कायद्यात जागा मिळाली. संयुक्त राष्ट्रांनीही 2026 हे वर्ष चराऊ कुरणं आणि पशुपालकांसाठी जाहीर केलं आहे.

इथे काय करता येईल?

पहिलं, जमीन देण्याआधी त्या गायरानात किती जनावरं चरतात आणि कोण शेती करतं, याची नोंद ग्रामसभेसमोर व्हावी. दुसरं, सगळं गायरान एकदम न देता चराईपुरता भाग आणि पाण्याकडे जाणारी वाट मोकळी ठेवावी. तिसरं, ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या पैशातला ठरावीक वाटा चाऱ्यासाठी आणि भूमिहीन पशुपालकांसाठी राखावा. पॅनेलखाली वाढणारं गवत कापून नेण्याचा किंवा तिथे मेंढ्या चारण्याचा हक्क त्यांना करारातच देता येईल.

देवणी आणि लाल कंधारी वाचवायच्या म्हणून प्रदर्शनं भरतात, बक्षिसं दिली जातात. पण माळेगावात फेटा बांधून मिरवलेलं जनावर यात्रा संपली की गावी परततं. तिथे त्याला चरायला जागा उरली नसेल, तर मालक पुढच्या यात्रेत ते विकायलाच आणेल.