तेच लेकरू पुन्हा मोजा

जानेवारी २०१८ मध्ये केंद्राने आकांक्षित जिल्ह्यांचा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबादबरोबर आपला वाशिमही त्यात आला. ४९ निर्देशक, दर महिन्याला आकडे, जिल्ह्यांची क्रमवारी. त्यात आरोग्य-पोषणाला ३० टक्के वजन. मानोरा तालुक्यात अंगणवाडी पर्यवेक्षिका म्हणून मी हे आकडे गोळा केले आहेत. वरून रोज विचारणा होऊ लागली म्हणून आमच्या बीटमधले बंद पडलेले वजनकाटे बदलले गेले, हे मी विसरणार नाही.

पण दिवाळी आटोपली की तांडे रिकामे होतात. सोयाबीन निघालेलं असतं, कोरडवाहू शेतात काम उरत नाही. कोणी मुकादमाची उचल फेडायला उसाच्या फडावर जातं, कोणी वीटभट्टीवर. शाळेत जाणारं पोर आजीजवळ राहतं. अंगावर पिणारं आणि नुकतं चालायला लागलेलं आईबरोबर जातं. ज्याच्यावर महिन्याच्या महिन्याला लक्ष हवं, नेमकं तेच. त्याच्या नावापुढे ‘स्थलांतरित’ लागतं, आणि उरलेल्या मुलांची टक्केवारी सुधारलेली दिसते. कोणी खोटं लिहीत नाही. हिशेबाची पद्धतच तशी आहे.

अक्षय तृतीयेच्या सुमारास माणसं परततात. दिवाळीआधी हिरव्यात असलेल्या पोराच्या दंडाची पट्टी लाल दाखवते, म्हणजे घेर ११.५ सेंटिमीटरच्याही खाली. आईला विचारलं तर म्हणते, “बाई, भट्टीवर कुठली आली अंगणवाडी?”

राज्याने स्थलांतराची नोंद ठेवणारं ॲप आणलं, ते योग्यच केलं. मात्र लेकरू कुठे गेलं हे कळणं वेगळं आणि तिथे त्याच्या पोटात आहार जाणं वेगळं. योजनेचं यश मोजायचंच असेल तर दिवाळीआधी मोजलेलं तेच लेकरू परतल्यावर पुन्हा मोजावं, आणि त्याच्या वजनातला फरक जिल्ह्याच्या गुणांत धरावा. ज्या जिल्ह्यात ऊस तोडला जातो, त्याच्याही गुणांत धरावा.

अंगणवाडीतला आहार हा अन्नसुरक्षा कायद्याने दिलेला हक्क आहे, आणि हा कायदा २०१३ चा. त्याच्या कलम २८ मध्ये सामाजिक लेखापरीक्षणाची तरतूद आहेच. जिल्हा परिषदेने यंदा मानोऱ्यातल्या तांड्यांपासून सुरुवात करावी: मुलांची नावं न घेता, किती गेली, किती परतली, किती लाल पट्टीत आली, एवढं ग्रामसभेत वाचून दाखवावं. मृगाआधी, माणसं गावात असताना.