उतरत्या पिढीचे देणे

येत्या 31 ऑक्टोबरला गुरू सिंह राशीत प्रवेश करील आणि त्र्यंबकेश्वर व नाशिक येथे सिंहस्थाचा ध्वज चढेल. त्यानंतर तीन आठवडेही उलटण्याआधी, 19 नोव्हेंबरला, 'ग्रँड थेफ्ट ऑटो' या व्हिडिओ गेमचा सहावा भाग येणार असल्याचे त्याच्या निर्मात्यांनी जाहीर केले आहे. या दोन गोष्टी एका अग्रलेखात आणल्याबद्दल काही वाचक नाराज होतील. पण त्र्यंबकमधल्या ज्या घरांत यात्रेकरूंसाठी खोल्या रंगवून घेण्याची घाई चालू आहे, त्याच घरांतल्या मुलांचे डोळे दुसऱ्या तारखेकडे लागलेले असणार. शिवाय दोन्ही तारखांमागे एकेक चक्र आहे.

सिंहस्थाचे चक्र गुरूच्या प्रदक्षिणेवर चालते, तिला 11.86 वर्षे लागतात. गेम कन्सोलचे चक्र सहा-सात वर्षांचे. सोनीचे प्लेस्टेशन-2 आले 2000 मध्ये, तिसरे 2006 मध्ये, चौथे 2013 मध्ये आणि पाचवे 2020 मध्ये. म्हणजे एका सिंहस्थात साधारण दोन पिढ्या बसतात. 2003 च्या सिंहस्थात प्लेस्टेशन-2 भरात होते, 2015 च्या वेळी चौथे. 2027 च्या ऑगस्टमध्ये कुशावर्तावर अमृतस्नान होईल तेव्हा पाचव्याला सातवे वर्ष चालू असेल आणि जुन्या रिवाजाप्रमाणे तोवर सहाव्याचा गाजावाजा सुरू व्हायला हवा. परंतु गुरू आपली वेळ पाळील याची जेवढी खात्री आहे तेवढी या दुसऱ्या चक्राची आता राहिलेली नाही. पिढी नावाचा प्रकार उरला आहे का, असा प्रश्न या व्यवसायातली माणसेच विचारू लागली आहेत.

विचारण्यासारखी परिस्थितीही आहे. याच मालिकेचा पाचवा भाग 2013 मध्ये प्लेस्टेशन-3 आणि एक्सबॉक्स 360 वर आला, पुढच्या वर्षी चौथ्या पिढीवर गेला, 2022 मध्ये पाचव्या. एकच खेळ तीन पिढ्या जगला आणि त्याच्या वीस कोटींहून अधिक प्रती खपल्या. 'गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक' 2022 मध्ये चौथ्या आणि पाचव्या प्लेस्टेशनवर एकाच दिवशी आला. दोन्ही पडदे शेजारी ठेवले तर फरक जाणकारालाच सांगावा लागतो. मायक्रोसॉफ्टने 2025 च्या नोव्हेंबरात आपली क्लाउड सेवा भारतात आणली, तिच्यात तर घरात यंत्र असण्याचीही गरज नाही. चौकोनी ठिपक्यांचा मारिओ पाहिलेल्या माणसाने त्रिमितीतला मारिओ पाहिला तेव्हा त्याची जी अवस्था झाली असेल, ती आता कोणाची होणार नाही.

मात्र हा सगळा हिशेब नवी पिढी दुकानात येते त्या दिवसापासून मांडलेला आहे. आपल्याकडे नवी पिढी पहिल्या दिवशी येतच नसे. नाशिक-त्र्यंबकसारख्या ठिकाणी पिढी पोहोचायची ती उतरल्यावर, म्हणजे किंमत उतरल्यावर, वापरलेली यंत्रे विकायला निघाल्यावर. 1991-92 च्या सिंहस्थाच्या सुमारास इथे जे 'टीव्ही गेम' म्हणून ओळखले जात होते ती निन्टेन्डोच्या 1983 च्या यंत्राची नक्कल होती. मीडिया, समुराई अशी नावे आणि एका कॅसेटमध्ये हजारो गेम असल्याची थाप. उघडून पाहिले तर तेच पाच-दहा गेम वेगवेगळ्या नावांनी. पण त्या थापेवर एका अख्ख्या पिढीची उन्हाळ्याची सुट्टी गेली, हे नाकारता येत नाही. पुढे प्लेस्टेशन-2 चे तेच झाले. अमेरिकेत 299 डॉलरला निघालेले ते यंत्र 2009 मध्ये 99 डॉलरवर आले. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि मनीष मार्केट इथे त्यात नकली तबकड्या चालाव्यात म्हणून चिप टाकून मिळे आणि त्या तबकड्याही स्वस्तात. हे कायद्याला धरून नव्हते, पण ते घडत होते.

याच उतरत्या काळात एक गोष्ट घडली, जी त्र्यंबकच्या वाटेवर राहणाऱ्यांनी लक्षात ठेवायला हरकत नाही. नाशिकहून येताना त्र्यंबकच्या अलीकडे अंजनेरी लागते. हनुमानाचे जन्मस्थान हेच, अशी इथली श्रद्धा. हा मान किष्किंधेचा आहे असे म्हणणाऱ्यांशी 2022 मध्ये नाशिकमध्ये मोठा वादही झाला. संपूर्णपणे भारतात तयार झालेला पहिला कन्सोल गेम म्हणून ज्याची ओळख करून देण्यात आली तो 2009 चा 'हनुमान : बॉय वॉरियर'. हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजने तो केला, सोनीने प्रकाशित केला. देवाला खेळाडूच्या हातातले बाहुले केले म्हणून परदेशातल्या काही हिंदू मंडळींनी त्याला विरोध केला. खेळ म्हणून तो ओबडधोबडच होता. पण तो निघाला प्लेस्टेशन-2 वर, म्हणजे प्लेस्टेशन-3 येऊन दोन वर्षे उलटून गेली होती तेव्हा. त्याच सुमारास गोट्या, भोवरा, विटीदांडू, कबड्डी असे आपले खेळ घेऊन 'देसी अड्डा' आला, मुंबईच्या ट्राइन गेम्सने 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स' काढला, 2011 मध्ये 'रा.वन' प्लेस्टेशन-3 बरोबर प्लेस्टेशन-2 वरही आला. तोपर्यंत ते यंत्र अकरा वर्षांचे झाले होते. जगाने टाकून दिलेल्या जागेवर आपल्या मंडळींनी पहिल्यांदा आपले दुकान मांडले. ती जागा स्वस्त होती, सरावाची होती आणि तिथे गिऱ्हाईक होते.

हे शक्य झाले कारण यंत्र जुने होताना स्वस्त होत असे. चिपवरचे भाग दर काही वर्षांनी लहान होत, तेवढ्याच सिलिकॉनमध्ये जास्त मावत, खर्च उतरे. प्लेस्टेशन-2 च्या दोन मुख्य चिप पुढे एकाच चिपमध्ये आल्या, यंत्र सडपातळ झाले. आता ते गणित उलटले आहे. अद्ययावत चिप घडवणे महाग होत चालले आहे आणि मेमरीवर तर कृत्रिम बुद्धिमत्तेची डेटा सेंटर्स तुटून पडली आहेत. 2 फेब्रुवारी 2021 रोजी भारतात प्लेस्टेशन-5 आले ते 49,990 रुपयांना. 2022 च्या नोव्हेंबरात त्याची किंमत 54,990 झाली. अमेरिकेतही 2025 च्या ऑगस्टमध्ये 50 डॉलरची वाढ झाली. पाच वर्षे जुने झालेले यंत्र महाग होणे ही या धंद्यातली नवी चाल आहे. वर बिनतबकडीची यंत्रे आली. डाउनलोड केलेला गेम मित्राला देता येत नाही, जुन्या बाजारात विकता येत नाही. प्लेस्टेशन-5 प्रो तर 2024 मध्ये जगात निघाले तेव्हा 6 गिगाहर्ट्झच्या वायफाय लहरींच्या परवानगीपायी आपल्याकडे अधिकृतपणे आले नाही, आणि त्याबद्दल फारशी हळहळही कुठे ऐकू आली नाही.

कारण मुलांच्या हातात तोपर्यंत मोबाइल होता. 2016 च्या सप्टेंबरात जिओ आले, 2018 मध्ये पबजी मोबाइल. मोबाइलवरच्या गेमला पिढी नसते, आवृत्ती असते. दर दोन-तीन महिन्यांनी अपडेट येते आणि कालचा खेळ उतरून आजचा चढतो. 2020 च्या 2 सप्टेंबरला सरकारने पबजीवर बंदी घातली. 2019 मध्ये गावोगावच्या कट्ट्यांवर पोरे जो पबजी खेळत होती, तो आज बंदी उठली तरी जसाच्या तसा कोणाला खेळता येणार नाही. तो कुठल्या कपाटात नाही, कुठल्या तबकडीवर नाही. कन्सोलची पिढी संपताना निदान वस्तू मागे ठेवत असे. आमच्या मते पिढी अजूनही महत्त्वाची आहे ती याच कारणासाठी.

मागे राहिलेल्या वस्तूंचे काय होते, हे त्र्यंबकला दुसऱ्या एका धंद्यातून ठाऊक आहे. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म याच गावातला, 30 एप्रिल 1870 चा. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमात त्यांचा मूकपट 'राजा हरिश्चंद्र' लागला, आणि 14 मार्च 1931 रोजी 'आलम आरा' या बोलपटाने मूकपटांची पिढी एका दिवसात जुनी केली. फाळक्यांनी 'सेतुबंधन'वर मागाहून आवाज चढवला, 1937 मध्ये कोल्हापुरात 'गंगावतरण' हा एकमेव बोलपट केला आणि थांबले. मूकपटांची रिळे निरुपयोगी ठरली; फिल्ममधली चांदी काढून घेण्यासाठी विकली गेली, काही जळाली, काही सडली. 'राजा हरिश्चंद्र'ची पहिली आणि शेवटची रिळे तेवढी आहेत, आणि तीही 1913 ची की 1917 च्या नव्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. उरले ते पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयामुळे, आणि ते स्थापन झाले 1964 मध्ये, फाळके जाऊन वीस वर्षे झाल्यावर. पी. के. नायर यांच्यासारखा हट्टी माणूस तिथे नसता आणि फाळके कुटुंबीयांनी जपलेले तुकडे मिळाले नसते, तर 'कालिया मर्दन'ही आज पाहता आला नसता.

बोलपटाचे प्रोजेक्टर निदान मूकपट दाखवू शकत होते. 'हनुमान : बॉय वॉरियर'ची तबकडी प्लेस्टेशन-5 मध्ये घातली तर काहीच होत नाही, चौथ्या पिढीचे जवळजवळ सगळे गेम ते यंत्र चालवते, दुसरीचे नाही. ज्यांचे गेम जगभर खपले त्यांनी ते नव्याने बांधून पुन्हा विकले. 'देसी अड्डा' पुन्हा कोण बांधणार? उतरत्या पिढीवर दुकान मांडल्याचा हा तोटा. असे गेम पुढच्या पिढीत घेऊन जाण्यात कोणाचाच फायदा नव्हता.

महाराष्ट्राने 2025 च्या सप्टेंबरात ॲनिमेशन आणि गेमिंगसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले. मुंबईत पेडर रोडवर राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या आवारात त्याच वर्षी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज सुरू झाली, तिथे गेमिंग शिकवले जाते. पुण्याचे चित्रपट संग्रहालय 2022 पासून याच महामंडळाकडे आहे. म्हणजे रिळे सांभाळण्याचा अनुभव आणि गेम करायला शिकणारी मुले आता एका घरात आहेत. त्या धोरणाच्या पैशातून भारतीय गेमचा एक संग्रह उभा करावा: तबकड्या, मूळ प्रोग्राम, कागदपत्रे आणि ते चालवणारी यंत्रे. प्रोग्राम अजून कोणाच्या तरी हार्ड डिस्कवर असू शकतात, करणारी माणसे हयात आहेत, कामाला आहेत, फोन केला तर उचलतील. यंत्रांची घाई मात्र अधिक आहे. प्लेस्टेशन-2 चे उत्पादन 2013 च्या सुरुवातीलाच थांबले, आणि जुन्या यंत्रात तबकडी वाचणारी लेन्सच आधी जाते.